मले विचारा

जांभूळटोल्याच्या शाळेत लाइट गेली की पोरं खूश व्हायची आणि लाइट आली की गप्प बसायची. बाकी जगात याच्या उलट असतं. पण बाकी जगात कुलूप लावलेल्या खोलीतला कम्प्युटर आपला आपण सुरू होत नाही, आणि त्याच्या पडद्यावर नाल्यात बुडून मेलेल्या मास्तरांचं नाव उमटत नाही. जांभूळटोल्यात ते उमटायचं. लाइट येताच आधी पंखे कुरकुरत, मग व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतून 'टुंग' असा आवाज येई, आणि चौथीतलं एखादं कार्टं हळूच म्हणे, "सर आले."

रीता मॅडमनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती. ती भद्रावतीची. बाप फॅक्टरीत, बालपण फॅक्टरीच्या कॉलनीत, जिथे भुतालासुद्धा गेटपास दाखवल्याशिवाय आत सोडणार नाहीत. धनराज सरांच्या जागेवर बदली होऊन ती आली, मूल या तालुक्याच्या गावी खोली केली आणि रोज स्कूटीनं जंगलातल्या रस्त्यानं ये-जा करू लागली. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला सवड नव्हती. पुढे ती मिळाली.

धनराज लेनगुरे याच गावचे. शाळेमागेच घर. शाळेला कधीकाळी चार-पाच कम्प्युटर मिळाले होते, त्यातले बाकीचे उंदरांनी आणि ओलीनं खाल्ले. एक तेवढा जगला, कारण धनराज सर त्याला लेकरासारखं पुसूनपुसून ठेवत. एकदा मोठ्या पोरांनी पेनड्राइव्हमधून कुठला तरी गेम टाकला, त्यासोबत व्हायरस आला आणि अख्ख्या शाळेचे निकाल उडाले. त्या दिवसापासून सरांनी कम्प्युटरला कुलूप घातलं. मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचं वेगळं खातं, त्यात वाचायचं, चित्रं काढायची, पण नवीन काही बसवायचं म्हटलं की पडदा सरांचा पासवर्ड मागे. तो सरांनी कुणालाच सांगितला नाही, हेडमास्तर मोहुर्ल्यांनासुद्धा नाही. मोहुर्ल्यांनी तो मागितलाही नाही. कम्प्युटरशी त्यांचं नातं सासऱ्याशी असतं तसं होतं, लांबून नमस्कार.

गेल्या वर्षी भादव्यात नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी जात होतं. सरांना वाटलं गाडी निघून जाईल. गाडी रपट्यालाच अडकून राहिली, सर दुसऱ्या दिवशी खाली बांबूच्या बेटात सापडले.

आणि दहाव्याला कावळा शिवेना. नाल्याच्या काठावर पिंड ठेवलेला, अर्जुनाच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. बायको नंदिनी म्हणाली, पोरीले शिकवीन. म्हातारी माय सोनीबाई म्हणाली, मी माह्यी काळजी घेईन, तू जा बापा. कावळे तसेच. ऊन चढलं, माणसं उपाशी, भटजी घड्याळ पाहू लागले. तेव्हा वारलूभाऊ पुढे झाला. गावाचे दाणे पाहणारा, देवाला कौल लावणारा म्हातारा. धनराज सरांनी त्याला एकदा कम्प्युटरच्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावला म्हणून चांगलं झापलं होतं, ते त्याला आठवलं असावं. तो हात जोडून म्हणाला, "धनराज, तुह्या कम्प्युटरले तुले विचारल्याबिगर कोनी हात नाई लावणार गा. गाव शब्द देते."

कावळा सरळ खाली उतरला.

आता असा शब्द मोडायचा कुणी? रीतानं ही गोष्ट ऐकली आणि मनात म्हणाली, कावळ्याला भूक लागली असेल. पण मोठ्यानं म्हणाली नाही.

तिला त्या कम्प्युटरची गरज उर्वशीसाठी होती. उर्वशी धनराज सरांची एकुलती एक पोरगी, सातवीत. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. बापानं तिला घरी बसवली नाही. टोचून उमटवलेले ठिपके बोटांनी वाचायला शिकवलं, बाकीची पुस्तकं स्वतः वाचून दाखवली, शाळेत पहिल्या बाकावर बसवलं. बाप गेल्यावर वाचून दाखवणारं कुणी राहिलं नाही. रीता जमेल तसं वाचायची, पण तिच्याकडे तीन वर्ग होते. मग तालुक्याहून अपंग मुलांच्या शिक्षिका येऊन गेल्या. त्यांनी पेनड्राइव्हवर एक सॉफ्टवेअर दिलं. ते बसवलं की पडद्यावरचं अक्षर न् अक्षर कम्प्युटर मराठीत बोलून दाखवतो आणि आंधळं मूल आपलं आपण वाचू शकतं, लिहू शकतं. जाताना त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुटीपर्यंत ही यावर शिकायला लागली तर इथेच राहील. नाही तर सुटीनंतर नागपूरला, अंध मुलींच्या वसतिगृहात. तिचं वर्ष वाया घालवता येणार नाही. मोबाइलवर भागणार नाही, पुढे परीक्षा कीबोर्डवर लिहायची आहे."

नंदिनी त्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसून रडली. "मॅडम, नवरा पाण्यानं नेला. पोरगी तुमी नागपूरले नेता. मंग मी कोणाच्या तोंडाकडे पाहून स्वयंपाक करू?"

"नाही नेणार," रीता म्हणाली. "एक सॉफ्टवेअर तर बसवायचं आहे. त्यात काय मोठं?"

माणसानं 'त्यात काय मोठं' असं कधी म्हणू नये.

तिनं पेनड्राइव्ह लावला. पडदा काळवंडला, मधे एक चौकट आली. या प्रोग्रामला बदल करायची परवानगी द्यायची का? हो की नाही? 'हो' दाबायचं तर धनराज सरांचा पासवर्ड टाका. तिनं 'विद्यार्थी' खात्यातून बाहेर येऊन सरांच्या नावाचं खातं उघडून पाहिलं. कोपऱ्यात सरांचा फोटो, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तिनं अंदाजानं पोरीचं नाव टाकलं. चूक. आणि चूक झाली की त्याखाली एक ओळ उमटली. पासवर्ड विसरला तर आठवण राहावी म्हणून ज्यानं त्यानं लिहून ठेवायची असते ती ओळ. सरांनी ती बहुतेक गेम टाकायला येणाऱ्या पोरांसाठी लिहिली होती.

मले विचारा.

रीतानं गावाचं नाव टाकलं. मले विचारा. बायकोचं, आईचं, शाळेचं. मले विचारा. मले विचारा. फोटोतले सर तिच्याकडेच पाहत होते. ती नकळत खुर्चीसकट मागे सरकली आणि तिला स्वतःचाच राग आला. एम. ए., बी. एड. झालेली बाई, आणि एका ओळीला घाबरते! तिनं बटण दाबून मशीन बंद केलं, आणि खोलीबाहेर येऊन मगच पाणी प्यायली.

मूलहून जिशान आला. राइस मिलच्या रस्त्यावर त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं आधी आपोआप सुरू होण्याचं गूढ सोडवलं. "मॅडम, ही सेटिंग राहते. लाइट आली का मशीन सोताहून चालू. सरनंच करून ठेवली असन." कारण कळलं की भीती जाते, असं ज्याला वाटतं तो कधी एकटा बंद दारासमोर उभा राहिलेला नसतो. रीताला कारण कळलं, आणि दुसऱ्या दिवशी 'टुंग' झालं तेव्हा खडू तिच्या हातून पडलाच.

"पासवर्डचं काय?"

"सीधी बात हाय. सगळं पुसून नवं टाकतो. घंट्याभरात मशीन कोरी. सरचं खातं गेलं, किस्सा खतम."

'किस्सा खतम' हे शब्द दारात उभ्या सोनीबाईच्या कानावर पडले. ती शाळेची खिचडी शिजवायची, हातात मोठा झारा होता. झारा तसाच घेऊन ती निघून गेली. आणि अर्ध्या तासात वारलूभाऊ, सरपंचबाई आणि चार माणसं व्हरांड्यात येऊन उभी.

"काऊन गा जिशान, काय पुसून राह्यला?"

"मी कायले पुसू भाऊ, मॅडमनं बलावलं."

"गावानं शब्द देला हाय मॅडम," वारलूभाऊ म्हणाला. "त्याले विचारल्याबिगर नाई."

"अहो भाऊ, पण विचारायचं कसं? ते हयात आहेत का?"

"विचारता येते," म्हातारा अगदी सहज म्हणाला, जणू तलाठ्याकडे जायचं होतं. "तोच तर म्हणून राह्यला, मले विचारा म्हणून. मशीनवर लिहून हाय का नाई?"

 यावर पुण्याच्या माणसाकडेही उत्तर नसतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळे रपट्याजवळ जमले. पाणी आता घोट्याएवढं, स्वच्छ, कुणाला बुडवेल असं वाटणारसुद्धा नाही. जिथे सरांची गाडी अडकली होती तिथे काठावर हिरव्या-वाळल्या फांद्यांचा ढीग होता. अपघातात गेलेल्याच्या नावानं येणारा-जाणारा एक फांदी टाकूनच पुढे जाई. रीता रोज तिथून स्कूटी जोरात काढायची. आज तिनंही एक डहाळी मोडून टाकली. कुणी पाहिलं नाही याची खात्री करून.

वारलूभाऊनं पळसाच्या पानावर तांदळाची रास केली. रीत साधी होती. प्रश्न विचारायचा, कुणीतरी चिमूटभर दाणे उचलायचे, मग दाण्यांच्या जोड्या लावायच्या. सगळे जोडीनं बसले तर परवानगी. एक दाणा उरला तर नाही.

"दाणे कोण उचलन?" सरपंचबाईनं विचारलं.

"उर्वशी," वारलूभाऊ म्हणाला. "बापाची पोरगी. आन तिले दिसत नाई. डोळ्यावाल्याच्या हातात लबाडी येते. हिच्या हाताले कायची लबाडी?"

साऱ्यांना पटलं. रीतालाही पटलं.

नंदिनीनं पोरीचा हात धरून पानाजवळ बसवलं. वारलूभाऊनं नाल्याकडे तोंड करून विचारलं, "धनराज, तुह्याच पोरीसाठी हाय गा. कम्प्युटरले हात लावू का?" उर्वशीनं राशीत बोटं घातली. बराच वेळ ती तशीच बसली, मान एका बाजूला कलवून, काही ऐकत असल्यासारखी. मग चिमूट उचलून म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली.

म्हातारा जोड्या लावत गेला. शेवटी एक दाणा एकटा राहिला.

पुन्हा विचारलं. पुन्हा एक उरला. नंदिनी म्हणाली, आणखीन एकदा विचारा ना भाऊ, माह्यी पोरगी जाईन. तिसऱ्यांदाही एक दाणा उरला, आणि तेव्हा कुठूनही वारा नसताना फांद्यांच्या ढिगातली वाळली पानं सळसळली. सरडा असेल. पण पाहायला कुणी गेलं नाही.

"नाई म्हणते," वारलूभाऊ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आता इलाज नाई."

 परतताना सोनीबाई पुटपुटत होती, "असा कसा बाप? असा कसा रे?" उर्वशी आईचा पदर धरून खाली मान घालून चालत होती, आणि रीताला त्या मेलेल्या माणसाचा मनस्वी संताप आला. जिवंतपणी पोरीसाठी एवढं केलं, आणि मेल्यावर तिची वाट अडवून बसला.

संतापाच्या भरात तिनं सोमवारी त्या खोलीतल्या बोर्डाचं बटण बंद केलं. येऊ दे लाइट, बघू कोण सुरू होतं ते. मधल्या सुटीनंतर लाइट गेली आणि आली. टुंग. रीता पळतच गेली. खोलीत कुणी नव्हतं. बटण चालू होतं. पडद्यावर सरांचा फोटो, खिशाला दोन पेनं. दाराची कडी नुसतीच लावलेली होती, जिशान येऊन गेल्यापासून कुलूप सापडत नव्हतं. तिनं बटण पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चालू. पोरांना विचारलं तर पोरं शपथा घेत. त्या खोलीकडे फिरकायची एकाचीही छाती नव्हती, हे तिला दिसत होतं.

मग ती खरोखर घाबरली. रात्री झोप लागेना. रपट्यावरून जाताना स्कूटीच्या आरशात पाहणं तिनं सोडून दिलं. नागपूरच्या वसतिगृहाचा अर्ज तिनं नंदिनीकडून सही करून आणला होता, तो पर्समध्ये घेऊन फिरायची आणि पाठवायची नाही.

दिवाळीची सुटी चार दिवसांवर आली होती. मधल्या सुटीत व्हरांड्यात भांडण जुंपलं. पाचवी-सहावीतल्या पोरी चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळत होत्या. आधी सांगायचं, एकी की बेकी, एक उरेल की सगळे जोडीनं बसतील, आणि मग ढिगातून मूठभर चिंचोके उचलायचे.

"मॅडम, तिले खेळात घेऊ नका!"

"कुणाला?"

"उर्वशीले! रोजच जिंकते. आपल्या मनानं एकी काढते, आपल्या मनानं बेकी काढते. तिले बोटालेच समजते किती हाय ते."

रीता "भांडू नका गं" असं म्हणून वळली, दोन पावलं गेली आणि जागच्या जागी थांबली.

ठिपके वाचणारी बोटं. राशीत घातलेली, बराच वेळ तिथेच राहिलेली. साऱ्या गावानं जिच्या हाताला लबाडी येणार नाही म्हणून चिमूट तिच्याकडे दिली होती, तिच्या एकटीच्याच बोटांना दाणे दिसत होते.

उर्वशी व्हरांड्यात नव्हती. रीतानं टोकाच्या खोलीचं दार लोटलं. ती आत होती. सरांच्या खुर्चीत बसलेली, पाय खाली न पोचणारे, दोन्ही तळहात कम्प्युटरच्या डब्यावर टेकवलेले. मशीन चालू होतं, आतला पंखा घोंघावत होता आणि ती डोळे मिटून तो ऐकत होती. भिंतीवरचं बटण तिच्या हाताच्या उंचीवर होतं.

"तूच बटण लावतेस," रीता म्हणाली.

पोरगी दचकली नाही. "गरम लागते मॅडम," ती म्हणाली. "चालू असलं का गरम राह्यते. बाबा इथीच बसत. मी बाजूले बसत जावो."

रीता तिच्याशेजारी स्टुलावर बसली. रागवायचं तिनं ठरवलं होतं, पण तिनंही एक हात डब्यावर टेकवला. "आणि दाणे? मुद्दाम एक उरवलास ना? तिन्ही वेळेला?"

उर्वशीनं डब्यावरचे हात मांडीत घेतले.

"अगं, तुला नागपूरला पाठवतील. आई रडून रडून अर्धी झाली आहे. तुला जायचं आहे का?"

"नाई." आणि इतका वेळ कोरडा असलेला तिचा चेहरा एकदम चुरगळला. "मले नाई जायचं मॅडम. मले लय भेव लागते. पण तुमी तो पासवर्ड खोलला, नाई तं जिशानभाऊनं पुसून टाकलं, का मंग बाबाले कोण विचारन? आता समदे म्हणतेत, धनराजले विचारा. लाइट आली का म्हणतेत, सर आले. एकदा का हे खुललं, मंग कोनीच नाई म्हणणार. बाबा पुरे मरून जातीन."

बाहेर पोरींचा गलका चालू होता. सोनीबाई खिचडीचं भांडं घासत होती, त्याचा खरखर आवाज येत होता.  रीताची स्वतःची आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आईचा नंबर अजून तिच्या मोबाइलमध्ये होता. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा झाला असेल हे माहीत असूनही.

"'खुललं' म्हणालीस," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पासवर्ड तुला माहीत आहे?"

"मालूम नाई. आयकू येते." उर्वशीनं हवेतच बोटं हलवली. "बाबा रोज मारत. कोणत्या बाजूले कोणती खटकते ते मी आयकलं हाय. एक डाव मी सोताच मारून खोलला, तं बाबा हासले. म्हणाले, कोणाले सांगजो नको. मी म्हटलं, होय. मंग मी कशी सांगू?"

"सांगू नकोस," रीता म्हणाली. "मला तर मुळीच नको. मी पाठ करून उभी राहीन. पुसायचं काही नाही. खातं सरांचंच राहील, फोटो राहील, ती ओळसुद्धा राहील. या शाळेत काही नवीन बसवायचं झालं की पडदा धनराज सरांचीच परवानगी मागेल, आणि ती द्यायला तुला बोलवावं लागेल. मला, हेडमास्तरांना, उद्या येणाऱ्या मास्तरांना, सगळ्यांना. चालेल?"

पोरीनं डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पण गावानं शब्द देला हाय. आधी बाबाले विचारा लागन."

तेव्हा पुन्हा रपटा, पुन्हा पळसाचं पान, पुन्हा तांदळाची रास. वारलूभाऊ तयार नव्हता. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारलं की मेलेला माणूस चिडतो, असं त्याचं म्हणणं. रीतानं त्याची समजूत घातली की सरांना आम्ही नीट विचारलंच नव्हतं. खातं पुसायचं नाही हे त्यांना कुठे सांगितलं होतं? हे म्हाताऱ्याला पटलं. नियमात बसणारी गोष्ट त्याला नेहमीच पटायची. त्यानं नाल्याकडे तोंड करून सगळं नीट, सविस्तर सांगितलं, आणि विचारलं. उर्वशीनं चिमूट उचलली. या वेळी झटकन.

म्हातारा जोड्या लावत गेला. शेवटचे दोन दाणे उरले आणि तेही एकमेकांना लागून बसले. नंदिनीनं तोंडाला पदर लावला. सोनीबाई नाल्याकडे पाहून फक्त एवढंच म्हणाली, "होय रे बापा, होय." रीता मात्र शांत होती. एकट्या तिलाच ठाऊक होतं की दाणे कुणाच्या बोटांनी मोजून दिले.

त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे कळा खटखटल्या, मधे एकदा लांब कळ दबली, आणि दार उघडल्यासारखा मशीनचा आवाज आला. मग परवानगीची ती चौकट. "हो कुठी हाय मॅडम?" उर्वशीनं विचारलं. रीतानं तिचं बोट नेऊन ठेवलं, दाबलं मात्र तिनंच. सॉफ्टवेअर बसायला वेळ लागला. अखेर कम्प्युटर बोलला, कुण्या अनोळखी बाईच्या चपट्या, यांत्रिक आवाजात. उर्वशीनं एकदा तोंड वेंगाडलं. "बाबा असे नाई वाचत," ती म्हणाली. पण हात मागे घेतला नाही. संध्याकाळी रीतानं पर्समधला अर्ज काढून फाडला आणि सोनीबाईच्या चुलीत घातला.

सुटी संपली, शाळा भरली. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी लाइट गेली. तासाभरानं आली. पंखे कुरकुरले. टोकाच्या खोलीतून टुंग झालं, आणि रीतानं ज्याचा विचारच केला नव्हता ते घडलं. बोलणारं सॉफ्टवेअर आता मशीनसोबतच जागं होत होतं. त्या बंद, रिकाम्या खोलीतून तो चपटा आवाज सगळ्या व्हरांड्यात ऐकू आला. पडद्यावर जे असेल ते तो वाचणारच.

"धनराज सर," आवाज म्हणाला. मग थांबला, कुणी ओ देईल याची वाट पाहावी तसा. "पासवर्ड."

वर्गात कुणी हललं नाही. मोहुर्ले हेडमास्तर ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. उर्वशी तेवढी पहिल्या बाकावरून उठली आणि भिंतीला हात लावत निघाली. रीता तिच्यामागे गेली.

"भीती वाटली का गं?"

"नाई. कोणीतरी त्याईचं नाव घेतलं ना," उर्वशी म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, ते तिच्या चालण्यातही दिसत होतं.

व्हरांड्याच्या मधोमध आल्यावर रीतानं आवाज खाली आणला. "एक विचारू? सुटीआधी सगळ्या जोड्या लागल्या. किती झटकन मोजलेस गं तू!"

उर्वशी थांबली. आंधळे डोळे तिनं आवाजाच्या दिशेनं वर केले.

"त्या वक्ती मोजले नाई मॅडम," ती म्हणाली. "म्हटलं, खरंच विचारून पाहू. जेवढे हातात आले तेवढे देले."

आतून आवाज पुन्हा म्हणाला, "धनराज सर." रीता दोन पावलं मागे राहिली. उर्वशीनं चाचपून कडी काढली आणि दार उघडून आत गेली.